मागच्या पानावरची चार कडवी

"हळू, सोलफ्रिड. वर्गात तू एकटी नाहीस."

त्या आवाजाला पंचावन्न वर्षं झाली. तो चिडका नव्हता, दरडावणारा तर नव्हताच. लोकरीच्या हातमोज्यासारखा ऊबदार आवाज होता तो. तोच हातमोजा तोंडावर दाबून धरला तर जीव गुदमरावा, तसा. वाचनालयात सोलफ्रिड ते पुस्तक मांडीवर घेऊन बसली, की आधी तो आवाज येऊन तिच्या कानाशी बसायचा, आणि मग बालवाडीची मुलं.

त्या दिवशी अठरा मुलं होती. ओले रेनकोट दाराशी टांगून, गालिच्यावर फतकल मारून बसलेली. सोलफ्रिड वाचत होती. हळू, मुलांना पुढे झुकून ऐकावं लागेल इतकं हळू.

बेटावर एक मुलगी होती. तिचा आवाज फार मोठा होता. चर्चमध्ये ती गायला लागली की लोक मागे वळून बघायचे. एक दिवस दर्यावर धुकं उतरलं, बंदरातला भोंगा बंद पडला आणि अकरा होड्या बाहेर अडकल्या. मुलगी खडकावर जाऊन उभी राहिली आणि हाका मारत सुटली, घसा फुटेपर्यंत. त्या हाकेची दोरी धरून एकेक करत अकराही होड्या घरी आल्या. बायका म्हणाल्या, वाऱ्यानं आणल्या. पुरुष म्हणाले, नशिबानं आणल्या. मुलगी काही बोलली नाही. रविवारी ती चर्चमध्ये सगळ्यांत मागच्या बाकावर बसली आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून हळूच गायली.

सोलफ्रिड थांबली. इथे थांबायचंच असतं. शेवटचं वाक्य मुलं म्हणतात.

"आणि कुणालाच कळलं नाही," अठरा तोंडं एका सुरात म्हणाली, "आणि तेच बरं झालं."

या वाक्यावर एक देश मोठा झाला होता. ते कॉफीच्या मगांवर होतं, बालवाड्यांच्या भिंतींवर होतं, नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांना देतात त्या कार्डांवर होतं. स्कार्वोयच्या, म्हणजे या बेटाच्याच, दफनभूमीत एका थडग्यावरही होतं. आणि पुस्तकावर नाव होतं आर्नफिन हेल्लान. म्हणजे मास्तर. बेटावरच्या दोन पिढ्यांना शिकवलेले, शहाऐंशी वर्षांचे, अजून स्वतःची लाकडं स्वतः फोडणारे मास्तर.

मुलं गेली तशी इंगविल आली. इंगविल वाचनालयाची प्रमुख, बर्गनहून आलेली, वयाने सोलफ्रिडच्या निम्मी.

"सोलफ्रिड, पुस्तकाला यंदा पन्नास वर्षं होतायत. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी युवक मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरलाय. सायीची लापशी, सुकवलेलं मटण, केक. साधाच. मास्तरांना थाटमाट आवडत नाही."

"नाहीच आवडत त्यांना."

"आणि गाणं हवं. गाण्याचं म्हटलं की सगळे तुझंच नाव घेतात. लिहिशील ना? माहीत असलेल्या चालीवर, सगळ्यांना म्हणता येईल असं."

"लिहीन."

ती इतक्या पटकन म्हणाली, की इंगविलनं वर पाहिलं. नेहमी सोलफ्रिड आधी दोनदा नाही म्हणायची. तशी रीतच होती.

"खाली नाव नको ना घालायला?"

"नको," सोलफ्रिड म्हणाली. "गाण्याखाली नाव कधीच नसतं."

ते खरं होतं. चाळीस वर्षांत बेटावर एक लग्न, एक साठी, एक बारसं तिच्या गाण्याशिवाय झालं नव्हतं. जेवण निम्म्यावर आलं की घड्या घातलेले कागद ताटांशेजारी यायचे, अकॉर्डियन सुरू व्हायचं, आणि अख्खा हॉल उत्सवमूर्तीच्या खोड्या गाऊन काढायचा. गाणं कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी विचारत नसे. दुसऱ्या दिवशी तिच्या पायरीवर रुमालात झाकलेला अर्धा केक असायचा, तेवढंच.

*

अकरा वर्षांची असताना सोलफ्रिडचा आवाज बंदरापर्यंत जायचा. आई म्हणायची, "पोटात भोंगा घेऊन आलीय." ती निबंध लिहायची तेही मोठ्यानं, पेन्सिल कागदावर चालायची आणि ओठ वाक्य म्हणत राहायचे. म्हणून तर ते वाक्य वरचेवर कानावर यायचं: हळू, सोलफ्रिड.

विषय होता "धुकं". बाकीच्यांनी एकेक पान लिहिलं. सोलफ्रिडनं अकरा पानं लिहिली, होडीला एक पान. मुलगी, खडक, हाका, सगळं त्यात होतं. फक्त शेवट निराळा होता. तिच्या गोष्टीत रविवारी ती मुलगी चर्चच्या मधोमध उभी राहून गाते. असं गाते, की छताला दोन साखळ्यांनी टांगलेलं लाकडी गलबत, बुडालेल्या खलाशांच्या नावानं शंभर वर्षं एका जागी टांगलेलं ते गलबत, हलायला लागतं. हळूहळू नाक वळवतं आणि लोकांच्या डोक्यांवरून दाराकडे, दर्याकडे निघतं.

मास्तरांनी ती गोष्ट वर्गात वाचून दाखवली. सुरुवातीला सोलफ्रिडला वाटलं, आवडली म्हणून वाचतायत. गलबताशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"काय वाटतं मुलांनो? ही मुलगी कोण असेल?"

वर्ग तिच्याकडे वळला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि त्या हसण्यामागून सगळे हसले. तिला धरून चौदा मुलं होती. तिच्या बाकावर बसलेली बोर्गिल सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"आपण सगळ्यांना वाचवलं असं म्हणणारं माणूस," मास्तर ऊबदार आवाजात म्हणाले, "बोटीतलं सगळ्यांत जड माणूस असतं. शाळा सुटल्यावर थांब, सोलफ्रिड. शेवट नीट करू."

शाळा सुटली. मास्तर खिडकीशी वह्या तपासत बसले. सोलफ्रिडनं खोडरबरानं गलबत पुसलं. साखळ्या पुसल्या, दार पुसलं, दर्या पुसला. त्या जागी मुलीला मागच्या बाकावर बसवलं. मग पेन्सिल मुठीत धरून, कागद फाटेल इतकी दाबून, तिनं अजून काही लिहिलं आणि वही नेऊन दिली. मास्तरांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघ, आता किती छान झालं."

वही परत मिळाली नाही. पाच वर्षांनी पुस्तक आलं. तोवर सोलफ्रिड मासळीच्या शेडमध्ये सुरी चालवायला लागली होती. मास्तरांनी जुन्या विद्यार्थ्यांना एकेक प्रत भेट दिली. तिच्या प्रतीवर लिहिलं होतं: "शांत आणि सालस सोलफ्रिडला." आईनं ती प्रत कपाटात दिसेल अशी उभी केली. सोलफ्रिड म्हणाली, "आई, ही माझी गोष्ट आहे." आई बराच वेळ बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, "असेल. पण असं म्हणून दाखवू नये."

बेटावर बाकीच्या तेरा घरांना ठाऊक होतं. तेरा घरांनी पुस्तक कपाटात ठेवलं, मुलांना वाचून दाखवलं, आणि सोलफ्रिड समोर आली की लोक हवेबद्दल बोलले.

केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. रक्त दिसत नाही, गळा मात्र जन्मभर दुखतो.

लग्नानंतर तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. लाइडुल्फ फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करायचा, भला माणूस. तो सगळं ऐकून म्हणाला, "सांगून टाकायला हरकत नाही. पण आपल्याला इथेच राहायचंय ना?" तो जाऊन सहा वर्षं झाली होती. येत्या मे महिन्यात वाचनालयातली तिची नोकरी संपणार होती. आता कुठे राहायचं आणि कुणाशी बरं वागायचं, याचा हिशेब कुणाला द्यायचा उरला नव्हता. फक्त मास्तर शहाऐंशीचे होते. तेवढीच घाई होती.

*

गाणं लिहायचं तर उत्सवमूर्तीकडे जाऊन दोन-चार आठवणी गोळा करायच्या असतात. ऑगस्टच्या शेवटी सोलफ्रिड गरम वाफल आणि तपकिरी चीजचा डबा घेऊन मास्तरांकडे गेली. ते अंगणात लाकडं रचत होते.

"ये, ये. अजून अहो-जाहो करणार का मला? बाकी सगळं गाव अरे-तुरेवर येऊन पन्नास वर्षं झाली."

"सवय आहे, मास्तर."

लोकांना वाटायचं, केवढा आदर. सोलफ्रिडला ते अंतर हवं होतं. सुरी चालवायची तर हात मागे घ्यायला जागा लागते.

कॉफी झाली. तिनं छोटी वही काढली.

"गोष्ट कशी सुचली, ते सांगा ना. गाण्यात घालायला."

तिनं मनाशी ठरवलं होतं: एक संधी द्यायची. एक वाक्य म्हणाले, अर्धं म्हणाले, नुसते अडखळले, तरी गाणं पहिल्या पाच गोड कडव्यांवर थांबवायचं.

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. सफरचंदाच्या झाडाला पहिला लाल रंग चढत होता.

"कशी सुचली... अशीच. गोष्टी काय, धुक्यासारख्या असतात. कुणी आणत नाही. येतात."

"येतात," सोलफ्रिडनं लिहून घेतलं.

"तुझ्या वर्गात मजा होती. तू तर काय बडबडी होतीस. हुशार होतीस हं, पण पुढे पुढे करायची खोड होती." ते प्रेमानं हसले. "ती मी घालवली. खरं सांगू, पुस्तकापेक्षा मला त्याचं जास्त समाधान आहे. तुझ्याकडे बघितलं की वाटतं, मास्तरकी फुकट गेली नाही."

सोलफ्रिडनं वही मिटली. पेन्सिल तिच्या बोटांत मोडली होती, ते दोन्ही तुकडे तिनं खिशात टाकले.

"आणि ऐक," दारापर्यंत सोडायला येत मास्तर म्हणाले, "गाण्यात माझी फार स्तुती नको. मला संकोच होतो."

"नाही करणार," सोलफ्रिड म्हणाली. "शब्द देते."

*

ती पहाटे लिहायची, साडेसहाची पहिली फेरीबोट सुटायच्या आधी. आजीनं तिला लहानपणी जुनी कवनं शिकवली होती, सूत कातता कातता म्हणायची कवनं. आजी सांगायची: ओळ श्वासाएवढी ठेव, यमक असं ठेव की ऐकणाऱ्याला ते आधी कळेल आणि म्हणताना त्याची जीभ आपोआप तिकडे जाईल. एकदा जीभ निघाली की माणसाला ती परत ओढता येत नाही.

चाळीस वर्षं सोलफ्रिडनं ही विद्या लोकांच्या टकलांवर आणि फसलेल्या मासेमारीवर खर्च केली होती. आता ती कारणी लागत होती. ती एकेक ओळ सहाणेवर धरायची. बोटानं धार बघायची. पुन्हा धरायची. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

चाल तिनं ती निवडली जी बेटावरच्या प्रत्येक लग्नात असते, जी सुरू झाली की पाय आपसूक ताल धरतात. नऊ कडवी. पहिली पाच कागदाच्या पुढच्या बाजूला, तुपासारखी गोड. चार मागच्या बाजूला. गाता गाता पान उलटायचं. पुढचं वाचून बघायला श्वासाचीही सवड नाही.

आणि शेवटच्या वाक्याबद्दल, देशानं पाठ केलेल्या त्या वाक्याबद्दल, तिनं गाण्यात एक अक्षर घातलं नाही. ते तिनं राखून ठेवलं. कशासाठी, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

कार्यक्रमाच्या सकाळी बोर्गिल कागद बांधायला आली. बोर्गिलचं लोकरीचं दुकान होतं. गाण्याच्या घडीला लाल लोकरीचा दोरा बांधायचं काम वर्षानुवर्षं तिचं. जीभ दुकानातल्या कात्रीसारखी.

"नव्वद प्रती? एवढी माणसं येणार त्या म्हाताऱ्याला बघायला? फुकट केक आहे म्हणून." असं म्हणत तिनं पहिला कागद घडी घालायला उचलला, आणि तो तिच्या हातात उलटा आला.

सोलफ्रिड चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मागे कागदाचा आवाज थांबला होता.

"तुला वेड लागलंय," बोर्गिल अखेर म्हणाली.

"असेल."

"हे म्हणायला लावणार तू लोकांना? मास्तरांच्या तोंडावर?"

"कुणी म्हणू नये. गप्प बसावं. त्याची सवय आहे सगळ्यांना."

"गप्प कसं बसणार गं? शेजारचा गात असेल तर?"

"तेच तर."

बोर्गिल पुन्हा वाचू लागली. तिचे ओठ हलत होते.

"'आम्ही हसलो' असं लिहिलंयस. मी हसले होते?"

"सगळ्यांत मोठ्यानं."

चूल तडतडली. बोर्गिलनं चष्मा काढून लोकरीच्या बाहीला पुसला, परत घातला.

"मला वाटत होतं, तू विसरलीस," ती म्हणाली. "दर वर्षी वाटायचं, यंदा विसरली असेल." मग तिनं दोऱ्याचं रीळ पुढे ओढलं. "'आम्ही'च ठेव. बरोबर आहे ते. आण इकडे, घट्ट बांधते. आधी कुणी सोडायला नको."

*

हॉल भरला होता. भरतकामाचे पोशाख घातलेल्या बायका, इस्त्रीच्या शर्टात आखडलेले कोळी. मास्तर मधल्या टेबलाशी, नेहमीचाच राखाडी स्वेटर घालून. "बघा, आजसुद्धा स्वेटरच," लोक कौतुकानं म्हणत होते. सोलफ्रिड स्वयंपाकघराच्या दारात, ॲप्रन बांधून, हातात कॉफीची मोठी किटली घेऊन उभी होती. तिला टेबलाशी खुर्ची होती. ती बसली नव्हती.

लापशी झाली, मटण झालं. शिक्षणखात्याच्या बाई बोलल्या: या पुस्तकानं आपल्याला आपण कोण आहोत ते शिकवलं. टाळ्या पडल्या, फार मोठ्या नाहीत, बेताच्या.

"आणि आता गाणं," इंगविल म्हणाली.

टोरलाइफनं अकॉर्डियन छातीशी घेतलं. टोरलाइफ नव्वदीला टेकलेला. कान गेले होते, बोटं शाबूत होती. त्याला कागद लागत नसे. नऊ वेळा वाजवायचं, एवढं त्याला सोलफ्रिडनं बोटांनी सांगितलं होतं.

लाल दोरे सुटले. नव्वद आवाज लागले.

*धुकं दाटता दर्यात वाट दिसेना होडीला,*
*मास्तरांची एक गोष्ट सोबतीला नि जोडीला.*

मास्तरांनी मान खाली घातली, जशी घालायची असते. दुसऱ्या कडव्यात त्यांची लाकडं आली, लोक हसले. तिसऱ्यात त्यांचा स्वेटर, चौथ्यात सफरचंदं. पाचव्याला हॉल रंगात आला. पाय ताल धरू लागले, टेबलावरचे कप किणकिणले. आणि सगळ्यांनी मिळून पान उलटलं. नव्वद कागदांचा एकच आवाज झाला, पक्ष्यांचा थवा उडावा तसा.

*अकरा वर्षांची पोर, शिसपेनची ती वही,*
*गोष्ट होती तिची सारी, खाली नव्हती हो सही.*

पहिली ओळ सगळ्यांनी जोरात म्हटली. दुसरी ओळ तोंडातून जाऊन गेल्यावर कळली. जिभा यमकापाशी पोचल्या होत्या, त्या आता मागे ओढायच्या कशा? लोकांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी गात होता. शेजारी त्यांच्याकडे बघत होता, म्हणून गात होता. टोरलाइफ डोळे मिटून, खुशीत, पुढच्या कडव्यात शिरला.

सोलफ्रिडनं मास्तरांकडे पाहिलं नाही. ती शोधत होती त्या वर्गातली तेरा तोंडं. दोघं देवाघरी गेली होती, एकजण ओस्लोत होता. उरलेली दहा हॉलमध्ये विखुरली होती. पांढऱ्या केसांची दहा मुलं.

*आम्ही बाकांवर होतो, आम्ही हसलो ते खरं;*
*आम्हां ठाऊक हे होतं, गप्प बसलो ते बरं.*

आवाज लहान झाला होता, पण थांबला नव्हता. थांबायला कुणीतरी पहिलं थांबावं लागतं, आणि पहिलं व्हायचं नाही हेच तर सगळे शिकले होते. तिनं त्यांना त्यांच्याच दोरानं बांधलं होतं. मागच्या टेबलावर एकटी बोर्गिल मोठ्यानं गात होती, मान ताठ, कागद टेबलावर. तिला तो लागत नव्हता. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आठवं कडवं कुजबुजीत गेलं. नववं आलं.

*पुस्तकात नाव एक, वहीवर होतं दुजं;*
*निवड आता, मास्तरा, काय तिचं, काय तुझं.*

अकॉर्डियननं शेवटचा सूर लांबवला. टोरलाइफनं डोळे उघडले, टाळ्यांची वाट पाहिली, आणि आपले कान अजूनच गेले असं वाटून गोंधळला.

सोलफ्रिडला वाटलं होतं, या क्षणी छाती हलकी होईल. झाली नाही. किटली जड लागत होती, एवढंच.

मास्तर उठले. एक हात टेबलावर टेकून, सावकाश. त्यांचा चेहरा पांढरा होता, पण आवाज तोच होता, ऊबदार.

"गाणं सुंदर आहे," ते म्हणाले. "कुणी लिहिलं ते विचारायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी विचारत नाही." हॉलनं श्वास सोडला. "आणि खरंच आहे ते. मी कोण? मुलांमध्ये आयुष्य गेलं. इथून एक शब्द ऐकला, तिथून एक. गोष्टीला मालक नसतो. मी नुसता लिहून काढणारा. पुस्तकावर माझं नाव आहे, ते खरं तर मलाच कधी आवडलं नाही."

किती सोपं होतं. कमरेत थोडं वाकले आणि सगळी धार डोक्यावरून निघून गेली. लोक मान डोलावू लागले. असा माणूस, बघा, एवढं झालं तरी स्वतःकडे काही घेत नाही. कुणीतरी टाळीसाठी हात उचलले. इंगविलचा चेहरा सैल झाला.

"माझं असं त्यात काही असेलच," मास्तर थोडं हसले, "तर ते शेवटचं एक वाक्य. तेवढं मात्र मला सुचलं होतं. खिडकीशी बसलो होतो, वह्या तपासत. आणि तेवढं माझं असलं तरी मला पुरे."

हॉलला हेच हवं होतं. सगळ्यांना एकदम म्हणता येईल असं, पाठ असलेलं, निर्धोक काहीतरी. कुणी सुरुवात केली कळलं नाही. सगळ्या टेबलांवरून ते उठलं, अगदी बालवाडीच्या सुरात:

"आणि कुणालाच कळलं नाही, आणि तेच..."

किटली फरशीवर पडली. कॉफी वाफाळत टेबलांखाली पसरली, आणि वाक्य तिथेच तुटलं.

"ते तुमचं नाही."

तो आवाज सोलफ्रिडनं स्वतः पंचावन्न वर्षांत ऐकला नव्हता. तो छताला लागला, खिडक्यांच्या काचांतून परत आला. टोरलाइफनंही मान वळवली.

मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, आणि जन्मभराची सवय त्यांच्या आधी बोलून गेली.

"हळू, सोलफ्रिड."

सगळ्यांनी ऐकलं. गाणं कुणाचं हे कुणी सांगितलं नव्हतं, तिनं नाव घेतलं नव्हतं, आणि मास्तरांना एका हाकेत मुलगी ओळखू आली होती. दहा पांढरी डोकी खाली गेली. मास्तरांना उमगलं तेव्हा त्यांनी खुर्चीची पाठ चाचपडली, पण बसले नाहीत.

सोलफ्रिडनं ॲप्रनची गाठ सोडली. सांडलेल्या कॉफीतून चालत ती मधोमध आली, टेबलांच्या रांगांमध्ये, जिथून सगळ्यांना दिसत होतं.

"हळूच बोलत आले, आर्नफिन," ती म्हणाली. "ते वाक्य मी लिहिलं. त्या दिवशी, शाळा सुटल्यावर, तू खिडकीशी बसला होतास तेव्हा. शहाणपण म्हणून नाही लिहिलं. रागानं लिहिलं. तुझा राग आला होता, ह्या सगळ्यांचा आला होता, कागद फाटला होता खाली. अकरा वर्षांच्या पोरीनं दिलेला शाप आहे तो, आणि तुम्ही तो मगांवर छापलात." तिला श्वास हवा होता. तिनं तो घेतला, पुरता, पोटातून. "माझी गोष्ट तिथे संपत नाही. माझ्या गोष्टीत ती मधोमध उभी राहते आणि गाते. आणि वरचं गलबत हलतं."